सोजरबाईचे हात

सोजरबाई माणसं नाकावरून ओळखत. चेहरा नंतर, नाव त्याच्याही नंतर. समोर आलेल्या माणसाचं नाक एकदा नीट न्याहाळलं की म्हणत, "हां, हे माझंच काम हाय." मग त्या माणसाचा त्यांच्यापुढं काही रुबाब उरत नसे. बेंबळीच्या पुढं असलेल्या त्या गावात तिशीच्या आतला असा एकही गडी नव्हता, ज्याला त्यांनी उघडा करून आपल्या पायांवर पालथा पाडला नव्हता.

एकदा ग्रामसभेत आमचे तरुण सरपंच पाणीपुरवठ्यावर आवाज चढवून बोलत होते. सोजरबाई पुढंच बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, "बसून बोल की जरा. जलमलास तवा तुझं डोकं पडवळावानी लांब व्हतं. सवा महिना दाबून म्या ते गोल केलंय. आता लई गरम करू नकू त्याला." सरपंच खाली बसले. नळाला पाणी काही आलं नाही, पण सभा लवकर संपली.

मी मूळची कळंबची. आरोग्यसेविका म्हणून त्या गावच्या उपकेंद्रावर रुजू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रशिक्षणातलं सगळं ताजं होतं. बाळाला जोरात चोळू नये, नाकात-कानात तेल घालू नये, धुरी देऊ नये. हे सगळं जी बाई रोज सकाळी पाच घरी करते, तिला जाऊन समजवायचं असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. सोजरबाईंनी माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं. तोंडातली मशेरी थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमी टोचा, म्या चोळते. पोरं दोघींच्या नावानं बी रडत्यात. आपण कशाला भांडायचं?"

खरं सांगायचं तर माझं लसीकरण त्यांच्याच जिवावर चाललं. लसीच्या दिवशी त्या घरोघर जाऊन बाळंतिणींना हाकलत आणायच्या. "टोचून घेतल्याबिगर उद्या न्हाऊ घालणार न्हाय," एवढी धमकी पुरत असे. उलट मीही नाकातलं तेल आणि धुरी त्यांच्याकडून बंद करून घेतली. चोळण्याचा जोर मात्र त्यांनी त्यांच्याच मर्जीवर ठेवला.

त्यांच्या घरी आठ-दहा शेळ्या. काळ्याभोर अंगाच्या, त्यातल्या काहींच्या कानांवर पांढरे ठिपके. नवरा शेळ्या राखायचा आणि बाई गावाची पोरं. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यावर बाळ घ्यायचं. करडईचं कोमट तेल तळहातावर घेतलं की पहिला थेंब बोटानं भुईला टेकवायचा आणि मग कामाला लागायचं. छाती, पोट, पाठ. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळ किंचाळत असे आणि सोजरबाई त्याच्याशी गप्पा मारत असत. "रड, रड. पुढं बायको रडू द्यायची न्हाय, आत्ताच रडून घे."

तो भुईचा थेंब कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आत्याबाई टाकायच्या, म्हणून म्या टाकते." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. हे काम त्यांनी सासूकडूनच घेतलं होतं. याहून जास्त त्या विषयावर बोलल्या नाहीत, आणि एरवी न थांबणारी बाई इथं थांबली, हे तेव्हा मला खटकलंही नाही.

माझी मुलगी झाली तेव्हा तिलाही त्यांनीच न्हाऊ घातलं. माझ्या नवऱ्याचं नाक चांगलंच भरघोस आहे. ते पोरीला आलं. मी म्हटलं, "सोजरबाई, एवढं सरळ करा हो." त्यांनी पंधरा दिवस दोन बोटांनी निगुतीनं प्रयत्न केला आणि एक दिवस हात टेकले. "सिस्टर, म्या डोक्याचं वळण काढते, पाठीची पोक काढते. पण बापाचं रगात चोळून निघत न्हाय. बाप बदलावा लागंल." नवरा शेजारच्या खोलीत चहा पीत होता. त्याला ठसका लागला.

पुढं ज्या प्रकरणानं त्यांची झोप उडाली, त्याचं उत्तर त्या तेव्हाच देऊन बसल्या होत्या. कळलं नाही ते त्यांनाही आणि मलाही.

कौसाबाईंच्या घरी नात झाली. कौसाबाई म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज. त्यांचा मुलगा दत्ता एकतिशीचा. बुटका, हसतमुख, आणि काहीही बोललं की आधी "आं?" म्हणणारा. त्याची बायको म्हणे, "बाकी सगळ्यांचं ऐकू येतंय ह्यांना, माझंच येत न्हाय."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोजरबाई माझ्याकडं आल्या. "सिस्टर, पोरीच्या डोळ्यात नीळ पडलीय."

"म्हणजे?"

"बुबळाच्या भवतीचं पांढरं, ते पांढरं न्हाय. धुतल्या धोतराला नीळ जास्ती व्हती, तसं हाय. आन टाळू लई मोठी. डोकं बोटाखाली मऊ लागतंय, भाकरीच्या पापुद्र्यावानी. म्या हात हलका ठेवलाय, पण तुमी बगा एकदा."

मी गेले, बघितलं. नवजात बाळांचे डोळे जरा निळसर दिसतातच, हे मला पाठ होतं. वजन बरं होतं, पोर दूध ओढत होती. "काही नाही, होईल नीट," म्हणून मी परत आले. मला घाई होती. कसली होती, ते आता आठवतही नाही.

पोर सहा आठवड्यांची असताना एका सकाळी ती सोजरबाईंच्या पायांवर वेगळंच रडली. त्यांनी तिथंच हात थांबवला. कौसाबाईंना म्हणाल्या, "हे रडणं भुकेचं न्हाय. हिच्या पायाला काय तरी झालंय. सिस्टरला बोलवा." मी पोचले तोवर मांडी सुजली होती आणि अंगण माणसांनी भरलं होतं. कौसाबाईंचा आवाज पार वेशीपर्यंत जात होता. "मोडला माझ्या नातीचा पाय! हिच्या हाताला डाग हाय, मला ठावं व्हतं. ठावं असून बोलावलं, माझीच अक्कल गेली!"

सोजरबाई पाटावर तशाच बसून होत्या. तेलाचे हात पदराला पुसत होत्या आणि पुन्हा पुन्हा तेच करत होत्या.

मी धाराशिवच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. त्यात एक ओळ लिहिली, "मालिश करताना पायास इजा." कुणाला न विचारता लिहिली. समोर जे दिसत होतं ते लिहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

जीप आली. बाळाला उचलायचं कसं हा प्रश्न. जो उचलायला जाई, त्याच्या हातात पोर टाहो फोडी. सोजरबाई घरी पळत गेल्या आणि धान्य पाखडायचं सूप घेऊन आल्या. त्यात जुन्या लुगड्याची मऊ घडी घातली, पोरीच्या खाली दोन्ही तळहात सारून तिला अलगद सुपात घेतलं, पायाच्या दोन्ही बाजूंना दुपट्याच्या घड्या लावल्या. पोर गप्प झाली. मग सूप मांडीवर घेऊन त्या सरळ जीपमध्ये बसल्या.

"तू कुठं निगालीस?" कौसाबाई ओरडल्या.

"माझ्या हातात मोडला म्हणतीस न्हवं? मग जुळंस्तोवर माझाच जिम्मा हाय. बस गुमान."

लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि मोठ्यानं वाचली. "मालिश करताना पायास इजा." सोजरबाईंना लिहिता-वाचता येत नाही. चिठ्ठी साऱ्या वाटेत त्यांच्याच सुपात ठेवलेली होती. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, फक्त एकदा. मला भिंतीवरचं पोलिओचं पोस्टर फार वाचावंसं वाटू लागलं.

डॉक्टरांनी पोरीचे डोळे बघितले, टाळू चाचपली, बोटं हळूच मागं वळवून पाहिली. एक्स-रे काढायला पाठवलं आणि विचारलं, "घरात आधी कुणाची हाडं अशी सहज मोडली आहेत का?"

"न्हाय बा," कौसाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्या घराण्यात कुणाला काय न्हाय. खोट हाय ती हिच्या घराण्यात. हिच्या सासूनं माझ्या दत्त्याचा हात मोडला व्हता, दोन महिन्याचा असताना. असंच चोळता चोळता. आता हिनं नातीचा पाय मोडला. सासूचे हात तसले, सुनेचे तसलेच. वंशात असतंय ते!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय म्हणालात? परत सांगा."

कौसाबाईंनी परत सांगितलं, आणखी जोरात. आपल्याला ऐकणारा भेटला याचा त्यांना आनंद झाला असावा.

"नंतर कधी मोडलं काही त्याचं?"

"नंतर काय, पोरच धडपड्या. शाळंत मनगट मोडलं, बैलगाडीवरून उतरताना घोटा. पण ते पडल्यामुळं."

"दत्ता, जरा इकडं या."

"आं?" दत्ता म्हणाला.

डॉक्टरांनी त्याची पापणी वर केली. एकतीस वर्षं गाव त्या डोळ्यांकडं बघत होतं. कौसाबाई तर कौतुकानं म्हणायच्या, माझ्या लेकाच्या डोळ्यात आभाळ हाय. ते आभाळ बुबळाच्या बाहेर आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "कानानं कमी ऐकू येतं का हो यांना?" डॉक्टरांनी विचारलं. दत्ताच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. "म्हणजे खरंच ऐकू येत न्हाय? म्या चार वर्सं भांडतीय!"

एक्स-रे आला. मांडीचं हाड मोडलेलं होतंच. पण दुसऱ्या पायाचं हाडही जरा वाकून जुळलेलं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, बहुतेक आईच्या पोटात असतानाचं.

सोजरबाई इतका वेळ उभ्या होत्या, त्या पहिल्यांदा बोलल्या. "कौसे, पोटात तर म्या चोळाया गेले नव्हते?"

डॉक्टरांनी मग सगळं सावकाश सांगितलं. हाडात नुसतं कॅल्शियम नसतं, त्याला धरून ठेवणारे दोऱ्यांसारखे धागे असतात. ते धागे कसे बनवायचे याची शिकवण प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी मिळते. दत्ताकडच्या दोन शिकवणींपैकी एकीत चूक आहे. त्यामुळे त्याचे धागे कच्चे, हाडं ठिसूळ, डोळ्यांचा पांढरा पडदा पातळ म्हणून निळा, आणि कानातली इवलाली हाडंही त्यातलीच. प्रत्येक मुलाच्या वेळी बापाकडून चुकीची जाईल की बरोबर, हे निम्मं-निम्मं. आणि चूक तीच असली तरी बापाला थोडी जाचते, लेकीला जास्त. रक्त मोठ्या शहरात तपासायला पाठवू, तोवर एवढं नक्की धरा की चोळणाऱ्या हातांचा दोष नाही. अशा पोरीचं हाड लंगोट बदलतानाही मोडू शकतं.

"म्हणजे मातीत भुसा कमी पडलाय," सोजरबाई म्हणाल्या. "माती कितीबी चांगली असू द्या, भुसा न्हाय घातला की भिंत तडकतीच. आन आमच्या शेळ्यांचं बी असंच हाय. एकाच बोकडाची करडं, एकाच्या कानाला ठिपका येतोय, एकाच्या न्हाय."

डॉक्टर हसले. म्हणाले, "मला हे सांगायला दहा मिनिटं लागली."

कौसाबाई विचारात पडल्या होत्या. "मग दत्त्याला कुणाकडून आलं?"

"तुमच्याकडून, नाहीतर त्याच्या वडिलांकडून. किंवा कुणाकडूनच नाही. कधी कधी ही चूक नव्यानंच उगवते."

"मालकाकडूनच," कौसाबाई तत्काळ म्हणाल्या. मालकांना जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे हरकत कुणी घेतली नाही.

मला पुढं कित्येकदा वाटलं, कौसाबाईंचं शास्त्र अगदी पक्कं होतं. हे वंशात असतं, पिढी दर पिढी येतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं. फक्त घराणं चुकलं होतं.

परतीच्या वाटेत मी सोजरबाईंच्या शेजारी बसले. कौसाबाई, दत्ता, त्याची बायको आणि बाळ दवाखान्यातच राहिले होते. रिकामं सूप सोजरबाईंच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "मी चुकले. चिठ्ठीत तसं लिहायला नको होतं. तुम्ही डोळ्यांचं सांगितलं होतं, तेव्हाही मी ऐकलं नाही."

त्या म्हणाल्या, "ल्ह्यायच्या आदी इचारायचं व्हतं, सिस्टर." आणि मग पुढं जे बोलल्या, ते माझ्याशी कमी, सुपाशी जास्त.

"पर म्या तुमाला काय बोलू? दत्त्याचा हात मोडला तवा आत्याबाई घरी येऊन म्हणल्या, सोजर, म्या न्हाय गं मोडला. म्या म्हणलं, आत्याबाई, तुमचा हात जड झालाय, बसा आता घरी. दुसऱ्या दिवसापास्नं म्या जाया लागले. त्येंच्या पायावर परत कुणी लेकरू दिलं न्हाय. अकरा वर्सं दारात बसून व्हत्या. दुसऱ्याच्या कडंवरच्या लेकराला बी हात लावायच्या न्हायत. मरताना बी तेच म्हणल्या, म्या न्हाय गं मोडला. आन म्या काय म्हणलं ठावं हाय? आता कशाला ते."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

गाव मात्र गाव होतं. महिनाभर सोजरबाईंना एकाही घरून बोलावणं आलं नाही. सुना मोबाईलवर मालिशीचे व्हिडिओ लावून स्वतःच चोळू लागल्या. सोजरबाई सकाळी सवयीनं पाट मांडायच्या आणि शेळ्यांशी बोलत बसायच्या. आपलाही शेवट आत्याबाईंसारखा दारात बसूनच होणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, असं मला त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं.

रक्ताचा कागद आला, डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. मग अंगणवाडीतल्या बायकांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, माझी चिठ्ठी चुकीची होती. बायका माझ्याकडं बघत राहिल्या. सरकारी माणूस चुकलो म्हणतोय, हे त्यांना लसीपेक्षा अवघड गेलं असावं. तेवढ्यात कौसाबाई उठल्या. "सिस्टर हळू बोलतीय, म्या सांगते. खोट आमच्या घरात हाय. माझ्या दत्त्याच्या रगतात हाय. सोजरचे हात चांगले हायेत आन तिच्या सासूचे बी चांगले व्हते. म्या तीस वर्सं खोटं बोंबलले." धाकट्या मुलाची सोयरीक अजून व्हायची असताना ही बाई हे बोलली. तिचा आवाज मला एरवी कधी गोड वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला.

दुसऱ्या सकाळी सोजरबाईंना दोन घरून बोलावणं आलं.

त्यानंतर त्यांचा हात बदलला. चोळणं फुलासारखं हलकं झालं. नवीन बाळ आलं की आधी डोळे बघायचे, टाळू बघायची, मग थेंब भुईला. जरा शंका आली की बाळ माझ्याकडं. असं सहा वेळा त्यांनी मला पळवलं, सहाही बाळं ठणठणीत निघाली. मी एकदाही कुरकुर केली नाही. कौसाबाईंच्या नातीला, ईश्वरीला, उचलायचं कसं हे तर त्यांनी साऱ्या गल्लीला शिकवलं. काखेत धरायचं नाही, घोट्याला धरून लंगोट बदलायचा नाही, खाली दोन्ही हात सारायचे. सूपही त्यांनी कौसाबाईंच्या घरी देऊन टाकलं.

माझी बदली कळंबला झाली तेव्हा ईश्वरी पाच वर्षांची होती. मधल्या काळात आणखी दोनदा हाड मोडलं होतं. हाडं बळकट करणारं सलाईन ठरावीक महिन्यांनी लावावं लागे. वयाच्या मानानं बुटकी, त्याच कच्च्या धाग्यांपायी दात तपकिरी, पायात खास बूट, आणि तोंड आजीचं. दत्तानं कानाला यंत्र लावलं होतं आणि बायकोच्या म्हणण्यानुसार तो आता मुद्दाम ऐकत नव्हता.

निरोप घ्यायला मी सोजरबाईंकडं गेले. अंगणात त्या पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिला होता. आता त्या पोरी-बाळींना काम शिकवत, स्वतः क्वचितच करत. त्यांच्या पायांशी ईश्वरी तेलाची वाटी घेऊन बसली होती.

"हळू हां गं," सोजरबाई म्हणाल्या. "म्हातारीची हाडं हायेत, मोडशील."

"थांब, आदी डोळे दाव." ईश्वरीनं गुडघ्यांवर उठून, तेलकट बोटानं सोजरबाईंची पापणी वर ओढली. एक डोळा बघितला, मग दुसरा. अगदी डॉक्टरांसारखी मान हलवली. "पांढरे हायेत. न्हाय मोडायची तू."

मग तिनं तळहातावर तेल घेतलं आणि एक थेंब बोटानं भुईला टेकवला.

"हा कुणाचा गं?" मी विचारलं.

"आत्याबाईचा," ती म्हणाली, पाढा म्हणावा तशी. "तिनं न्हाय मोडला."

सोजरबाईंनी तोंड शेळ्यांकडं फिरवलं. ईश्वरीनं दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं.